विश्लेषण : कोकण किनाऱ्याचे उच्च न्यायालय घाटावर का? कोल्हापूर सर्किट बेंचमुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गचे काय बदलले?

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या घाटमाथ्यावरच्या चार जिल्ह्यांबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे किनारपट्टीचे दोन जिल्हेही त्याच्या अधिकारक्षेत्रात आले. महसूल, उच्चशिक्षण, बंदरे अशा कामांसाठी हे दोन जिल्हे आजही मुंबईकडे तोंड करून आहेत. मग न्यायासाठी त्यांनी घाट चढायचा, हे कसे ठरले आणि त्याचा उपयोग कुणाला?

भूगोल काय सांगतो?

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत आणि मधली जेमतेम ४०-५० किलोमीटरची पट्टी म्हणजे दक्षिण कोकण. वाशिष्ठी, शास्त्री, काजवी, वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल या नद्या सह्याद्रीतून निघून लगेच समुद्राला मिळतात. त्यांच्या खाड्यांनी किनारा जागोजागी चिरला आहे. त्यामुळे किनाऱ्याकिनाऱ्याने जमिनीवरून उत्तर-दक्षिण प्रवास करणे पूर्वी फार अवघड होते. पर्याय दोनच होते : समुद्रातून मुंबई किंवा घाट चढून देश.

आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा आणि आंबोली हे कोल्हापूरला कोकणाशी जोडणारे प्रमुख घाट. गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे आणि घाट उतरला की वैभववाडी. मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरीची मासळी वर येते. कोल्हापूरचा गूळ, भाजीपाला, दूध खाली जाते. गंभीर आजाराचा रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आणणे ही सिंधुदुर्गातील अनेक कुटुंबांची जुनी सवय आहे. व्यवहार असे पूर्व-पश्चिम चालत आले, कारभार मात्र दक्षिणोत्तर.

इतिहासात ही फारकत कधी झाली?

घाटमाथा आणि बंदर एका सत्तेखाली असणे ही जुनी रीत होती. आदिलशाहीची भिस्त दाभोळ, राजापूरसारख्या बंदरांवर होती. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरच्या वखारीवर कारवाई केली. पन्हाळा आणि राजापूर किती जवळ होते, ते यावरून दिसते. पुढे सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण बंदर कोल्हापूर संस्थानाकडे आले.

१८१२ च्या तहाने कोल्हापूरने मालवण व सिंधुदुर्ग ईस्ट इंडिया कंपनीला दिले. त्याच वर्षी वेंगुर्ला सावंतवाडीकरांकडून कंपनीकडे गेले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर उरलेला कोकणही कंपनीच्या ताब्यात गेला आणि १८३२ मध्ये रत्नागिरी हा जिल्हा झाला. यानंतर घाटाखाली मुंबई इलाखा, घाटावर कोल्हापूर संस्थान अशी राजकीय रेघ पडली. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले. आगबोटी मुंबईलाच जात होत्या. गिरण्यांत काम करणारा चाकरमानी मुंबईतून मनीऑर्डर पाठवत होता. किनाऱ्याचे मुंबईशी नाते पक्के झाले ते या काळात.

सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात आले, तर कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी रेघ पुसली तरी विभागांची रेघ राहिली. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तोही कोकण विभागातच.

आज कोणत्या कामासाठी कुठे जावे लागते?

- विभागीय महसूल आयुक्त : कोकण भवन, नवी मुंबई
- विद्यापीठ : मुंबई, कृषी विद्यापीठ मात्र दापोली
- बंदरे व जलवाहतूक : महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई
- सरकारी कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक दावे : महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुंबई
- पर्यावरणाचे दावे : राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम पीठ, पुणे
- उच्च न्यायालय : आता कोल्हापूर

म्हणजे किनाऱ्यावरच्या एकाच जमिनीचा वाद असला, तरी महसुली अपील एका शहरात, पर्यावरणाची तक्रार दुसऱ्या आणि रिट याचिका तिसऱ्या शहरात जाऊ शकते.

गोवा जवळ असताना तिथे का नाही?

दोडामार्ग, सावंतवाडीपासून पणजी कोल्हापूरपेक्षा जवळ आहे. पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाचेच पीठ बसते. पण त्याचे अधिकारक्षेत्र गोवा राज्यापुरते आहे. पेडणे हा एके काळी सावंतवाडीच्या राज्याचा भाग. अठराव्या शतकात तो पोर्तुगीजांकडे गेला आणि आजची राज्यसीमा तिथूनच आली.

सर्किट बेंच आणि कायम खंडपीठ यांत फरक काय?

राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१ मध्ये दोन वाटा आहेत. कलम ५१(२) नुसार राष्ट्रपती कायम खंडपीठ स्थापन करतात. कलम ५१(३) नुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने न्यायाधीशांना अन्य ठिकाणी बसवू शकतात. कोल्हापूरचे बेंच दुसऱ्या वाटेने आले. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी १ ऑगस्ट २०२५ रोजी अधिसूचना काढली आणि १७ ऑगस्टला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

त्यामागे सहा जिल्ह्यांतील वकील, पक्षकार आणि नागरिकांची चार दशकांहून अधिक काळची मागणी होती. औरंगाबादचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे १९८१ मध्ये ५१(३) खाली कामकाज सुरू झाले, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि १९८४ मध्ये कायम खंडपीठ झाले. कोल्हापूरची पुढची मागणीही तीच आहे.

किनाऱ्यावरच्या पक्षकाराला फायदा किती?

२०११ च्या जनगणनेनुसार सहा जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६५ लाख. त्यात रत्नागिरी १६.१५ लाख आणि सिंधुदुर्ग ८.५० लाख, म्हणजे एकूण साधारण १५ टक्के. याचिकांच्या गर्दीत किनारा अल्पसंख्य राहणार, हे उघड आहे.

फायदाही सर्वांना सारखा नाही. सावंतवाडीहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. कोल्हापूर त्याच्या एक तृतीयांशाहून कमी. वैभववाडी, कणकवली, राजापूर, लांजा येथील पक्षकार सकाळी निघून संध्याकाळी घरी परतू शकतो. मुंबईतला मुक्काम आणि बुडणारी मजुरी वाचते. जामिनासाठी धावणाऱ्या किंवा सातबाऱ्याच्या नोंदीसाठी झगडणाऱ्या माणसासाठी ही बचत लहान नाही. पण मंडणगड, दापोलीची गोष्ट उलटी आहे. तिथून मुंबईच जवळ पडते. जिल्हा हा एकक धरल्यामुळे रत्नागिरीच्या उत्तर टोकाला लांबचे न्यायालय मिळाले. ई-फायलिंग आणि दूरदृश्य सुनावणी नियमित मिळाली, तरच ही उणीव भरून निघेल.

खरी अडचण कुठे आहे?

अडचण घाटात आहे. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाट खचला आणि अवजड वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली. करूळ घाट रुंदीकरण व काँक्रीटीकरणासाठी जानेवारी २०२४ मध्ये बंद झाला, तो वर्षभराहून अधिक काळ. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, पण ती किनाऱ्याला समांतर धावते. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली, ती तिथेच थांबली. दोन्हींना जोडणाऱ्या कोल्हापूर-वैभववाडी या सुमारे शंभर किलोमीटरच्या मार्गाची घोषणा २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाली. गाडी अद्याप धावलेली नाही.

पुढे काय पाहायचे?

तीन गोष्टी पाहाव्या लागतील. शेंडा पार्क परिसरातील नियोजित संकुल आणि कायम खंडपीठाचा निर्णय कधी होतो. पावसाळ्यात किमान दोन घाट बारमाही सुरक्षित राहतात का. आणि उच्च न्यायालयासाठी जे अंतर मान्य झाले, तेच प्रशासकीय न्यायाधिकरण किंवा महसुली अपिलांसाठी मान्य होते का. सरकारने न्यायापुरता घाटाचा रस्ता स्वीकारला आहे. तो रस्ता जुलैतही उघडा राहिला, तर जवळचे न्यायालय किनाऱ्याला खऱ्या अर्थाने जवळचे होईल. नाहीतर तारखेच्या दिवशी दरड कोसळली की वैभववाडीच्या पक्षकाराला मुंबई आणि कोल्हापूर सारखेच दूर.