विश्लेषण : नववीची विषयनिवड, कागदावर पर्याय किती, सोलापूरच्या वर्गात किती?

जून उजाडला की सोलापुरातील माध्यमिक शाळांच्या कार्यालयांत एक छोटा कागद फिरू लागतो. नववीत गेलेल्या विद्यार्थ्याने हिंदी घ्यायची, संस्कृत घ्यायचे की दोन्ही अर्धे-अर्धे, एवढेच त्यावर विचारलेले असते. पालक दोन मिनिटांत खूण करतात आणि सही करून कागद परत देतात. ‘कशात जास्त मार्क पडतात?’ हा एकच प्रश्न त्याआधी शेजारी, क्लासवाले सर आणि गेल्या वर्षी दहावी झालेल्या पुतण्याला विचारलेला असतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि या खुणेचे वजन वाढले. त्यामुळे नववीत खरोखर काय निवडता येते आणि त्या निवडीचे पुढे काय होते, हे पाहायला हवे.

राज्य मंडळात निवडीला जागा किती?

फार थोडी. नववी-दहावीला प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय असतात. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे. गणित व विज्ञान प्रत्येकी दोन भागांत, तर सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल. यांतील कोणताही विषय सर्वसाधारण विद्यार्थ्याला टाळता येत नाही. मराठी माध्यमात मराठी आणि इंग्रजी ठरलेल्याच असल्याने निवड उरते ती एका भाषेपुरती. पूर्ण हिंदी म्हणजे ‘लोकभारती’, पूर्ण संस्कृत म्हणजे ‘आमोद’, आणि संयुक्त अभ्यासक्रम म्हणजे ५० गुणांची हिंदी ‘लोकवाणी’ व ५० गुणांचे संस्कृत ‘आनंद’. मंडळाच्या यादीत पाली, अर्धमागधी, अरबी, फारसी अशाही भाषा आहेत, पण त्या कुठे शिकवल्या जातात हे शाळेवर अवलंबून.

पूर्वी आणखी एक वाट होती, सामान्य गणिताची. बीजगणित-भूमिती झेपत नसलेल्या मुलांसाठी तो सोपा पर्याय होता. मात्र तो घेतला की पुढे गणितावर आधारलेल्या शिक्षणाची दारे बंद होत. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा हा पर्याय गेला. आता सवलत आहे ती अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना. त्यांना गणिताऐवजी खालच्या इयत्तेच्या पातळीचे अंकगणित आणि एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय घेता येतो. अनेक पालकांना ही सवलत दहावीचा अर्ज भरताना कळते. प्रमाणपत्रासाठीची तपासणी वेळ खाणारी असते, त्यामुळे तेव्हा घाई करून उपयोग होत नाही. हा विषय नववीच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांकडे काढावा लागतो.

मग संस्कृतकडे एवढा ओढा का?

याचे उत्तर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये आहे. सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून दहावीची टक्केवारी काढण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१० मध्ये घेतला. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांशी अकरावीच्या प्रवेशात होणाऱ्या तुलनेवरून तो वाद पेटला होता. मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी पुन्हा वैध ठरवला. तेव्हापासून दहावीच्या गुणपत्रिकेत सर्वांत कच्चा विषय टक्केवारीच्या हिशेबातून गळतो.

आकड्यांत पाहू. समजा, एका विद्यार्थिनीला मराठीत ८८, संस्कृतमध्ये ९७, इंग्रजीत ८४, विज्ञानात ८०, सामाजिक शास्त्रांत ९१ आणि गणितात ५८ गुण मिळाले. गणित गळले, उरलेल्या पाच विषयांची बेरीज ४४० आणि टक्केवारी ८८. तिनेच संस्कृतऐवजी हिंदी घेऊन ८२ गुण मिळवले असते तर बेरीज ४२५, म्हणजे ८५ टक्के. एका खुणेने तीन टक्के. गुणवत्ता यादीत तीन टक्क्यांत शेकडो विद्यार्थी बसतात, तेव्हा पालकांना वेड्यात काढण्याचे कारण नाही. त्यांचे गणित बरोबर आहे.

फक्त ते अपुरे आहे. याच मुलीचे सहाही विषय धरले तर टक्केवारी ८३ येते. ८८ हा आकडा पाहून घरात विज्ञान शाखेचा निर्णय होतो आणि गणितातले ५८ कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. अकरावीला पहिल्या चाचणीत ते आठवतात. संस्कृतने तिला चांगल्या महाविद्यालयात नेऊन बसवले, पण तिथे संस्कृतचा तास नाही. भौतिकशास्त्राचा आहे, आणि त्याला गणित लागते.

यात संस्कृतचा दोष नाही. भाषेची गोडी असणाऱ्या मुलासाठी तो उत्तम विषय आहे. पण ज्या घरात विषयाची निवड केवळ गुणांसाठी होते, तिथे बहुतेकदा गणिताच्या दुखण्यावर तो तात्पुरता लेप ठरतो. टक्केवारीला हातभार लावणाऱ्या वाटा आणखीही आहेत. शासकीय रेखाकला परीक्षेतील ‘इंटरमिजिएट’मध्ये अ श्रेणी मिळाली की दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. खेळाडूंना व लोककला-शास्त्रीय कलांतील विद्यार्थ्यांनाही वाढीव गुणांची तरतूद आहे. शाळेच्या हातातील २० गुणांचे मोल तर राज्याने पाहिलेच आहे. भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले त्या २०१९ मध्ये दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. पुढच्याच वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. एवढ्या एका फरकाने मुले अचानक कच्ची वा पक्की झाली नव्हती.

सोलापूरचा प्रश्न वेगळा कसा?

इथल्या वर्गात ‘भाषा’ हा शब्द साधा नाही. शहराच्या पूर्व भागातील विणकर कुटुंबांत तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड, अनेक वस्त्यांत उर्दू आणि या सगळ्यांच्या मधोमध मराठी. ‘बालभारती’ आठ माध्यमांतून पाठ्यपुस्तके काढते. त्यांतील मराठी, इंग्रजी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू ही पाच माध्यमे या एका जिल्ह्याच्या ओळखीची आहेत.

आता अक्कलकोट तालुक्यातील कन्नड माध्यमाच्या नववीतील मुलीचा विचार करा. पहिली भाषा कन्नड. इंग्रजी हवीच. मराठी तर २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत सक्तीची झाली. ती शिकणे या मुलीच्या फायद्याचेही आहे, कारण पुढचे महाविद्यालय, नोकरी आणि सरकारी कचेरी मराठीतच भेटणार. पण तीन जागा भरल्या. संस्कृत की हिंदी हा प्रश्न तिच्यापुरता उरतच नाही. शहरातील मुलाला जो ‘स्कोअरिंग’चा पर्याय आहे तो तिला नाही, उलट मराठी आणि इंग्रजी या दोन घराबाहेरच्या भाषांत गुण मिळवायचे आहेत. गुणवत्ता यादी मात्र एकच.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. घरी तेलुगू बोलणारी कितीतरी मुले आज मराठी वा इंग्रजी शाळेत जातात. त्यांना तेलुगू बोलता येते, लिहिता-वाचता येतेच असे नाही. अशा मुलासाठी तिसरी भाषा म्हणून स्वतःच्या घरची भाषा हा नैसर्गिक पर्याय ठरू शकला असता, पण नववीच्या कागदावर तो विचार सहसा कोणी मांडत नाही. हैदराबादेशी व्यापार करणाऱ्या शहरात हे जरा नवलच.

सेमी-इंग्रजीचे काय?

खरे तर सोलापूरच्या मराठी शाळांतील सर्वांत मोठी निवड ही आहे आणि तिची नोंद विषयनिवडीच्या कागदावर नसते. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून की मराठीतून, हे अनेक शाळांत पाचवीला किंवा आठवीला तुकडी ठरतानाच ठरते. अकरावी विज्ञानाला जाणाऱ्यांना संज्ञा ओळखीच्या असल्याचा फायदा होतो, हे खरे. पण इंग्रजी वाचताना अडखळणारे मूल ‘सेमी’त बसले की त्याला विज्ञान कळले नाही की वाक्य कळले नाही, हे शिक्षकालाही उमगत नाही. नववीच्या सुरुवातीला तुकडी बदलणे काही शाळांत शक्य असते. ते विचारायला पालक संकोचतात, कारण ‘सेमी’तून काढणे म्हणजे मूल मागे पडले, असा समज आहे.

व्यवसाय शिक्षणाचा पर्याय आहे ना?

आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातील, म्हणजे ‘एनएसक्यूएफ’चे विषय काही शाळांत नववीपासून घेता येतात आणि ते नियमानुसार ठरावीक विषयाच्या जागी धरले जातात. कृषी, वाहन दुरुस्ती, आरोग्यसेवा, किरकोळ विक्री, पर्यटन अशी क्षेत्रे त्यात आहेत. ‘मल्टि स्किल’ या विषयात सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पाककृती यांची तोंडओळख होते.

चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले हे शहर, गणवेश शिवणारे कारखाने, डाळिंबाचे बागायतदार, केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, साखर कारखान्यांची रांग. शाळेतल्या व्यवसाय विषयाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण. तरीही हा विषय ‘अभ्यासात कमी असलेल्यांचा’ समजला जातो. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या बापाला मुलाने पुन्हा कौशल्याच्याच वाटेने जावे असे वाटत नाही, त्यालाही कारणे आहेत. त्याने त्या कौशल्याची मजुरी पाहिली आहे. विषयाची प्रतिष्ठा पोस्टर लावून वाढत नाही. त्यानंतर मिळणारी नोकरी आणि पगार पाहून वाढते.

शाळा विषय का वाढवत नाहीत?

कारण विषयाला शिक्षक लागतो आणि शिक्षकाचे पद संचमान्यतेत मिळावे लागते. अनुदानित शाळेत पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात, मुलांच्या आवडीवर नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयावरून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या, त्यामागे पदे कमी होण्याची हीच भीती होती. दोनशे मुलांच्या ग्रामीण शाळेत बारा जणांना संस्कृत हवे असेल तर मुख्याध्यापक त्यांना समजावून हिंदीकडे वळवतात. शहरातील मोठ्या प्रशालेत त्याच मागणीची स्वतंत्र तुकडी होते. विषयनिवड ही अशी अनेकदा आधी शाळेची असते, मग मुलाची.

सीबीएसई आणि नवे धोरण काय सांगते?

सीबीएसईत दहावीला गणिताचे ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन स्तर २०२० च्या परीक्षेपासून आहेत, शिवाय कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा माहिती तंत्रज्ञानासारखा सहावा कौशल्य विषय घेता येतो. राज्य मंडळात असा दुसरा स्तर नाही. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात मात्र वेगळी कल्पना आली. गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण किमान २० गुण मिळालेल्यास शेरा देऊन उत्तीर्ण करायचे आणि पुढे त्या विषयांकडे जाता येणार नाही, अशी ती तरतूद. सामान्य गणितात हा निर्णय नववीत विद्यार्थी घेत असे. इथे तो दहावीच्या निकालाने होईल, एवढाच काय तो फरक. ती नवा अभ्यासक्रम येईल तेव्हाच लागू होईल, असे मंडळाने स्पष्ट केले होते.

शैक्षणिक धोरणाने शाखांच्या भिंती पाडण्याचे बोलले असले तरी केंद्राच्या २०२३ च्या आराखड्यात नववी-दहावीला निवड वाढत नाही, विषय वाढतात. तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रांबरोबर कला, शारीरिक शिक्षण आणि व्यवसाय शिक्षणही सर्वांना. मोकळी निवड अकरावीपासून.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाने काय बदलले?

२०२५ पर्यंत केंद्रीय ऑनलाइन पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरती होती. सोलापुरात महाविद्यालयाच्या दारात यादी लागे, ओळखीचे प्राध्यापक भेटत, काही वाटा निघत. आता एका अर्जात जास्तीत जास्त दहा पसंतिक्रम आणि पुढे गुणांचा हिशेब. इनहाऊस, अल्पसंख्याक व व्यवस्थापन कोटे वगळले तर अर्ध्या टक्क्यावर महाविद्यालय बदलते. म्हणून जास्त गुण देणाऱ्या विषयाचा मोह यापुढे वाढेल, कमी होणार नाही.

मुलाचा कल पाहावा, असे सगळेच सांगतात. राज्याने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतलीही. ती नववीची निवड होऊन गेल्यावर घेतली जात होती. सध्या अनेक मुलांसाठी कल ओळखणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे आठवीचा वर्गशिक्षक. त्याला भेटायचे तर नववीची पुस्तके हाती येण्याआधी. दहावीचे परीक्षा अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरले जातात, पण तोवर विषय बदलणे नावापुरतेच शक्य असते. पूर्ण संस्कृतचे एक वर्ष मागे राहिलेले मूल ‘आमोद’ दहावीत नव्याने सुरू करू शकत नाही.