बारीक अक्षरं कुणी वाचायची?

मैत्रिणींनो, घरात कुणाला काय बाधतं हे लक्षात ठेवणं बाईचंच काम, असं आपण धरूनच चालतो. मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात राहते. मला अल्फा-गॅलची ॲलर्जी आहे आणि त्यामुळे हे काम किती वाढतं ते मी रोज न्याहारीच्या वेळी बघते.

इथे ही ॲलर्जी मुख्यतः 'लोन स्टार' जातीची गोचीड चावल्याने होते. अल्फा-गॅल ही एक साखर. ती गाय, डुक्कर, मेंढी अशा सस्तन प्राण्यांत असते. कोंबडीत आणि माशांत नसते. पोटात गेल्यावर दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात, कधी जिवावरही बेततं. सकाळचं खाणं दुपारी बाधतं, म्हणून संशय न्याहारीवर जात नाही. मला एका डॉक्टरांनी 'ताण घेऊ नका' एवढंच सांगून परत पाठवलं होतं. इथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 42 टक्के डॉक्टर-परिचारिकांनी या आजाराचं नावही ऐकलेलं नव्हतं.

'मांस सोडा, झालं!' असं लोक म्हणतात. पण साखरेचा मुलामा दिलेल्या कित्येक सिरियलमध्ये जिलेटिन असतं. ते डुकराच्या किंवा गुरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. वरून घातलेलं ड-3 जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. 'नैसर्गिक स्वाद' या दोन शब्दांत मांसाचा अर्कही बसू शकतो. सगळ्यांना सगळंच बाधतं असं नाही. कुणाला दूध चालतं, कुणाला नाही. म्हणजे प्रत्येकीची यादी वेगळी.

अमेरिकेच्या 2004 च्या कायद्याने आठ ॲलर्जीकारक पदार्थ पाकिटावर स्पष्ट लिहिणं सक्तीचं केलं. 2021 च्या कायद्याने तिळाची भर पडली, ती 2023 पासून लागू झाली. दूध सोडलं तर सस्तन प्राण्यांपासून आलेले घटक मात्र या यादीत नाहीत. भारतात पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण सक्तीची आहे. ती ॲलर्जीसाठी नाही, आणि दुधाचे पदार्थही तिच्यात बसतात. तरी उत्पादकाला पाकिटावर खरं लिहायला लावता येतं, एवढं त्यावरून नक्की कळतं.

तोवर काय करायचं? नेहमीचं पाकीटही दर वेळी वाचायचं, कारण घटक न सांगता बदलतात. शंका आली तर कंपनीला लेखी विचारायचं आणि उत्तर जपून ठेवायचं. वाचनाची पाळी नवऱ्याने, मुलांनीही घ्यायची. आमच्याकडे आता तशी पाळी आहे.

पण घरातली वाटणी बदलली तरी मूळ प्रश्न उरतोच. घटक कुठून आला हे कंपनीला माहीत असतं. ते तिने छापावं, यासाठी कायदा हवा. तो मागताना आजारी बाईला एकटं सोडू नका.