पायरीवर ठेवलेलें मूल

जे. के. रोलिंगबाईंची हॅरी पॉटरची सात भागांची कथा १९९७ सालीं सुरू झाली आणि २००७ सालीं संपली. आपल्या घरांतील मुलांनीं ती मूळ इंग्रजींत वाचली, कांहींनीं 'हॅरी पॉटर आणि परीस' या नांवानें सुरू होणाऱ्या मराठी भाषांतरांत वाचली, आणि पुष्कळशा आईबापांनीं ती मुलांच्या हातून काढून घेऊन वाचली. या सर्व वाचकवर्गांत एका गोष्टीविषयीं पूर्ण एकमत आढळतें. तें असें कीं, पोरक्या हॅरीचे जे आप्त, म्हणजे मावशी पेटुनिया, तिचा नवरा व्हर्नन डर्स्ली व मावसभाऊ डडली, ते केवळ नीच होत, आणि त्याचें खरें कुटुंब म्हणजे जादूगारांचें जग. पहिल्या वाचनाच्या वेळीं आमचेंही मत हेंच होतें हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु हीं पुस्तकें दुसऱ्यांदां, मुलांसाठीं नव्हे तर स्वतःसाठीं, वाचल्यावर आम्हांस वाटूं लागलें कीं, या एकमतांत मोठा पक्षपात दडलेला आहे. आणि त्याचा लाभ अशा एका गृहस्थाला मिळाला आहे कीं, ज्याच्या पांढऱ्या दाढीकडे पाहून त्याला जाब विचारण्याचें कोणाच्या मनांतच येत नाहीं.

गैरसमज होऊं नये म्हणून आधींच सांगून टाकतों कीं, डर्स्ली दांपत्याचें वकीलपत्र आम्ही घेतलेलें नाहीं. घरांत निजावयाच्या चार खोल्या, त्यांतील दोन एकट्या डडलीच्या, त्याही अशा कीं एकींत तो निजतो आणि दुसरींत त्याचीं मोडकीं खेळणीं निजतात. आणि बहिणीचा मुलगा जिन्याखालच्या अडगळीच्या जागेंत, कोळ्यांच्या सोबतीनें! डडली अकराव्या वाढदिवशीं भेटी मोजतो; त्या छत्तीस भरतात, आत्याची एक नजरेआड राहिलेली धरून सदतीस, आणि गेल्या वर्षीं अडतीस होत्या म्हणून तो रुसतो. हॅरीच्या वांट्याला वाढदिवसाला कोट अडकवावयाचा आंकडा आणि मेसोबाचे जुने पायमोजे. हें सर्व निंद्य आहेच. पण आमच्या मतें पेटुनियाचा सर्वांत मोठा अपराध कपड्यांचा नाहीं, खोलीचाही नाहीं. त्या घरांत हॅरीच्या आईचें एकही चित्र नाहीं, आणि तिच्याविषयीं प्रश्न विचारण्याची पोराला मनाई आहे. ज्या बाईनें तो चेहरा लहानपणापासून रोज पाहिला होता, तिनें तो बहिणीच्या मुलाला एकदांही पाहूं दिला नाहीं. आईबाप मोटारीच्या अपघातांत गेले असें खोटेंच सांगून ती मोकळी झाली. याला क्षमा नाहीं.

परंतु हें मूल तिच्या घरीं आलें तरी कसें? १९८१च्या नोव्हेंबराच्या आरंभींची ती रात्र आठवावी. पंधरा महिन्यांचें मूल. आईबापांचा खून होऊन एक दिवस उलटलेला. तीन थोर माणसें प्रिव्हेट ड्राइव्ह या रस्त्यावर मध्यरात्रीं जमतात: शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर, त्यांच्या सहकारी मॅक्गोनॅगलबाई आणि धिप्पाड हॅग्रिड. मॅक्गोनॅगलबाई मांजरीच्या रूपानें दिवसभर भिंतीवर बसून या घराची पाहणी करून चुकल्या आहेत, आणि येथें मूल ठेवूं नका असें त्या स्पष्ट सांगतात. एवढी मोठी गोष्ट पत्रानें कशी समजावणार, असेंही विचारतात. मुख्याध्यापक ऐकून घेतात, आणि मूल पायरीवर ठेवतात, त्याच्या दुलईंत पत्र खोंचतात. नंतर हॅग्रिड हुंदके देतो, बाई डोळे पुसतात, आणि तिघेही निघून जातात. दार ठोठावण्याचे श्रम कोणी घेत नाहीं!

या एका गोष्टीवर वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंती आहे. पेटुनियाला आपली सख्खी धाकटी बहीण मारली गेली हें कळलें तें सकाळीं दुधाच्या रिकाम्या बाटल्या बाहेर ठेवण्यासाठीं दार उघडलें तेव्हां, पायरीवरच्या एका कागदावरून. आदल्या दिवशीं सगळा जादूगार समाज घुबडें उडवीत आणि आकाशांतून तारे पाडीत उत्सव करीत होता. बहिणीच्या मरणाचा जो दिवस, तोच इतरांच्या आनंदाचा. तिच्याजवळ बसून दोन शब्द बोलावयास त्यांच्यापैकीं एकालाही सवड झाली नाहीं. आपल्याकडे तेराव्याला जमलेले आप्त पोरक्या मुलाला कोणत्या मामाकडे किंवा मावशीकडे ठेवावयाचें तें ओसरीवर बसून ठरवितात आणि संध्याकाळच्या गाडीनें आपापल्या गांवीं जातात, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. त्या बैठकींत निदान मावशीला तोंडावर विचारतात तरी.

बरें, मूल ठेवलें. पुढें दहा वर्षें काय? येथें आम्ही डंबलडोरपक्षाच्या वाचकांसमोर एकच पुरावा ठेवतों, आणि तो त्यांच्याच शाळेच्या टपालांतला आहे. हॅरीला शाळेचें जें पहिलें पत्र येतें त्यावरचा पत्ता हिरव्या शाईंत असा असतो: श्री. एच्. पॉटर, जिन्याखालचें कपाट, नंबर ४, प्रिव्हेट ड्राइव्ह. आंतल्या पत्राखालीं सही मॅक्गोनॅगलबाईंची. म्हणजे ज्या बाईंनीं त्या रात्रीं विरोध केला होता त्यांच्याच सहीचें पत्र, मूल कोठें निजतें हें स्वच्छ लिहिलेल्या पाकिटांतून आलें! पत्ता जादूच्या टांकानें आपोआप उमटला असेल, बाईंनीं तो पाहिलाही नसेल, असें कोणी म्हणेल. म्हणो बापडा. शाळेला ठाऊक होतें एवढें तरी नाकारतां येत नाहीं. शिवाय दोन रस्ते पलीकडे मिसेस फिग नांवाची मांजरें पाळणारी म्हातारी राहत होती, आणि ती डंबलडोरांचीच माणूस होती, हें पांचव्या भागांत उघड होतें. तेव्हां माहिती मिळत नव्हती अशी सबबही उरत नाहीं. पोराच्या चष्म्याला चिकटपट्टीचे सांधे होते, आणि त्याच वेळीं लंडनच्या ग्रिंगॉट्स पेढींत त्याच्या बापानें ठेवलेलें सोनें ढिगानें पडून होतें. तें व्हर्ननच्या हातीं दिलें नाहीं हें शहाणपणाचेंच झालें. परंतु त्यांतून एक धड चष्मा पाठविणें या महान् जादूगारांना दहा वर्षांत सुचलें नाहीं काय?

त्याहून महत्त्वाची गोष्ट पाकिटाच्या परिणामाची. तें हातीं पडतांच व्हर्नन घाबरला. कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे अशी त्याची खात्री झाली, आणि त्याच दिवशीं हॅरीला डडलीची दुसरी खोली मिळाली. पुढच्या पाकिटावर पत्ता सर्वांत लहान खोलीचा आला. म्हणजे ज्याला धाक लागून उपाय होऊं शकत होता, त्याला तो धाक एका टपालाच्या पाकिटानें लागला. दहा वर्षांत वर्षाला एक पत्र, किंवा नाताळांत एक भेट, एवढ्यानें त्या मुलाचें बाळपण कितीतरी निराळें झालें असतें. हें आम्ही कल्पनेनें म्हणत नाहीं; लेखिकेनेंच तें घडवून दाखविलें आहे.

यावर जो बचाव केला जातो तो आम्हांस ठाऊक आहे. आईनें मुलासाठीं प्राण दिला, त्या त्यागाचें कवच तिच्या रक्ताच्या माणसाच्या घरींच टिकणार होतें, म्हणून हॅरीला मावशीकडे ठेवणें भागच होतें, असें डंबलडोर पांचव्या भागांत (२००३) सांगतात. कष्टाचीं वर्षें त्याच्या वांट्याला येणार हें आपण जाणून होतों, अशी कबुलीही ते देतात, आणि वाचकाचे डोळे पाणावतात. परंतु या बचावानें मूल त्या घरांत कां राहिलें एवढेंच सिद्ध होतें. त्याची विचारपूस कां झाली नाहीं हें सिद्ध होत नाहीं. कवचाला मावशीच्या घरचा वास लागत होता. कवचाला मौन लागत होतें असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. आणि सहाव्या भागांत (२००५) हेच गृहस्थ जवळजवळ पंधरा वर्षांनीं प्रथम त्या घराचें दार ठोठावतात. तेंही कशासाठीं, तर न बोलावतां बैठकींत बसून डर्स्ली नवराबायकोला बोल लावण्यासाठीं. हॅरीला तुम्ही मुलासारखें वागविलें नाहीं, हें त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. परंतु बोलणारा कोण? ज्यानें मूल पायरीवर ठेवलें तो. त्या वेळीं यजमानांच्या डोक्यावर पेले टकटक आपटत असतात आणि वाचकानें हंसावें अशी योजना असते. आम्हांस पहिल्या वेळीं हंसूं आलें. दुसऱ्या वेळीं आलें नाहीं.

या घराशीं जादूगारांचा जो थोडाबहुत संबंध आला त्याची तऱ्हा पाहा. हॅग्रिड येतो तो बापाच्या उद्गारांबद्दल अकरा वर्षांच्या मुलाला डुकराचें शेपूट लावतो, आणि तें पुढें लंडनमध्यें शस्त्रक्रिया करून काढावें लागतें. वीझ्लींचीं जुळीं मुलें येतात तीं जादूची मिठाई टाकून त्याच मुलाची जीभ हातभर लांबवितात. या लोकांना ज्या बाईची मेहेरबानी वर्षानुवर्षें हवी होती, तिच्या एकुलत्या एका मुलाला ते असें वागवितात, आणि तिच्या मनांत जादूविषयीं प्रेम कां नाहीं याचें आश्चर्य करतात!

पेटुनियाच्या मनांत काय होतें तें लेखिकेनें अगदीं शेवटीं, सातव्या भागांत, आणि तेंही भलत्याच्याच आठवणींच्या ओघांत सांगितलें. धाकटीला जादूच्या शाळेचें बोलावणें आलें तेव्हां थोरलीनें मुख्याध्यापकांना गुपचूप पत्र लिहून मलाही घ्या अशी विनवणी केली होती. उत्तर सौम्य होतें, पण नकाराचें होतें. तें पत्र धाकटीनें आणि तिच्या मित्रानें तिच्या खोलींत शिरून पाहिलें. घरांत एक जादूगारीण झाली म्हणून आईबापांना अभिमान वाटला; दुसरीकडे कोणी पाहिलें नाहीं. अशा मुलीचा द्वेष झाला तर नवल काय? त्याच मुख्याध्यापकाच्या अक्षरांत तिला आयुष्यांतलें दुसरें पत्र आलें तें त्या नोव्हेंबरच्या सकाळीं. आणि तरीही तिनें मूल आंत घेतलें. पांचव्या भागांत नवरा पोराला घराबाहेर काढूं लागला तेव्हां, शेजारी काय म्हणतील अशी सबब सांगून कां होईना, तो येथेंच राहील हें ठरविलें तिनेंच. हॅरीचा जीव वर्षानुवर्षें तिच्या घरच्या उंबरठ्यानें राखला. वाचकांच्या आभारांत मात्र तिचें नांव नाहीं.

इंग्रजींत मावशी, आत्या, काकू, मामी या सर्वांना एकच शब्द. त्यामुळें व्हर्ननच्या बहिणीलाही, जिचें हॅरीशीं कांहीं रक्ताचें नातें नाहीं, तो त्याच शब्दानें हांक मारतो. त्या वाङ्मयांत पोरक्यांना छळणारी ही 'आंट' जुनी आहे. परंतु नीट पाहिलें तर 'जेन एअर'मधील (१८४७) मिसेस रीड ही जेनची मामी निघते, आणि डिकन्सच्या ऑलिव्हर ट्विस्टला शेवटीं जी प्रेमळ रोज भेटते ती त्याची मावशी. आपल्याकडेही गोष्टींत छळते ती सावत्र आई. मावशीविषयींची म्हण तर माय मरो पण मावशी उरो अशी. रोलिंगबाईंनीं छळाचें काम सख्ख्या मावशीकडे दिलें, म्हणूनच मराठी वाचकाला तें इतकें झोंबतें, आणि म्हणूनच तिची बाजू ऐकण्याचें दायित्वही आपल्यावर अधिक आहे असें आम्ही समजतों.

आणि जादूगार आप्त तरी कसे आहेत? नेव्हिल लाँगबॉटमचे आईबाप जिवंत, पण छळानें वेडे होऊन रुग्णालयांत. तो आजीकडे वाढतो. त्याच्या अंगीं जादू आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आजोबांच्या पिढींतला एक आप्त त्याला बंदरावरच्या धक्क्यावरून पाण्यांत ढकलतो. मूल बुडतां बुडतां वांचतें. पुढें तोच त्याला माडीच्या खिडकींतून पायाला धरून लोंबकळत ठेवतो, आणि खाण्याचा पदार्थ पुढें आला म्हणून हात सोडतो! ही हकीकत नेव्हिल जेवणाच्या मेजावर हंसत सांगतो, सगळे हंसतात, आपणही हंसतों. हेंच कृत्य व्हर्नननें केलें असतें तर? ब्लॅक घराण्याच्या वंशवृक्षाच्या पडद्यावर तर ज्यांनीं शुद्ध रक्ताचा नियम मोडला त्यांचीं नांवें जाळून टाकलेलीं आहेत. सिरियसला थोडें सोनें दिलें म्हणून त्याच्या एका मामाचेंही जाळलेलें आहे. वीझ्लींचें घर खरोखर चांगलें, मॉलीबाईंनीं विणलेला स्वेटर खरोखर उबदार. पण तो येईपर्यंत हॅरीचीं अकरा वर्षें सरलेलीं होतीं.

सातव्या भागाच्या आरंभीं डर्स्ली कुटुंब घर सोडून जातें. डडली, ज्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती तो, हॅरीशीं हात मिळवितो. पेटुनिया दारांत थबकते, वळून पाहते, कांहींतरी बोलणार असें वाटतें, आणि मान हलवून निघून जाते. या भागावर २०१० सालीं निघालेल्या चित्रपटासाठीं तें न उच्चारलेलें वाक्य लिहिलें गेलें होतें, फिओना शॉ या नटीनें तें उच्चारलेंही होतें: त्या रात्रीं तुझी आई गेली तशी माझी बहीणही गेली, अशा अर्थाचें. चित्रपटगृहांत दाखविलेल्या प्रतींतून तो प्रसंग कापण्यात आला. पुस्तकांत गाडी दूर जाते, आणि रिकाम्या घरांत हॅरी जिन्याखालचें तें दार पुन्हां एकदां उघडून पाहतो. आंत आतां जोडे आणि छत्र्या रचून ठेवलेल्या असतात, आणि ती जागा इतकी लहान होती हें तो विसरून गेलेला असतो.