अक्कलदाढ काढल्यानंतरचे चार दिवस

अक्कलदाढ काढून आलेल्या माणसाला ‘डॉक्टर कसे होते?’ असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: हात हलका होता, काही कळलेच नाही. भूल नीट लागली असेल तर कळणारच नाही! उपचारांचा दर्जा त्या अर्ध्या तासापेक्षा त्याच्या आधी आणि नंतर अधिक ठरतो.

पहिला प्रश्न, दाढ काढणे आवश्यक होते का? हाडात अडकलेली, पण कोणताही विकार नसलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच सांगितले. यावर मतभेद आहेत. आडवी दाढ राखल्याने शेजारची दाढ किडते, असा काही शल्यविशारदांचा आक्षेप आहे. तो रास्तही आहे. परंतु हा वाद रुग्णाच्या कानावर जातो का?

खालच्या दाढेच्या मुळांलगत ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, जिभेची नसही जवळच असते. त्यांना धक्का लागला तर बधिरपणा काही आठवडे किंवा महिने राहतो, क्वचित कायमचा. म्हणूनच आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे पाहून हा धोका समजावून सांगायला हवा. संमती द्यायची तर धोके आणि पर्याय रुग्णाला ठाऊक हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केले आहे. खुर्चीत बसल्यावर पुढे सरकवलेल्या इंग्रजी कागदावरची सही ही ती संमती नव्हे.

खरी उणीव मात्र नंतरची आहे. खड्ड्यातील रक्ताची गुठळी निसटली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ उठते. नेहमीच्या गोळीने ती शमत नाही. खड्डा धुऊन औषध भरले की आराम पडतो. पण काणकोण किंवा वाळपईच्या रुग्णाला त्यासाठी पुन्हा बांबोळीचे दंत महाविद्यालय गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे आले. तो गावातल्या औषधांच्या दुकानात जातो आणि दवाखान्याच्या दप्तरी त्याची शस्त्रक्रिया यशस्वीच राहते.

तिसऱ्या दिवशी रुग्णाला एक दूरध्वनी, आणि कळ, बधिरपणा, तोंड न उघडणे यांची वहीत नोंद, एवढे करायला नवे यंत्र लागत नाही. सरकारी रुग्णालयाने ते सुरू केले, तर खासगी दवाखान्यांकडेही तशी वही मागता येईल.