कंपनी बदलली, माणूस तोच

तुमच्या रेझ्युमेवर किती कंपन्या आहेत? तीन? चार? हल्ली दोन वर्षं एका जागी काढली की मित्र विचारतात, 'अजून तिथेच?' मग हा रेझ्युमे बघा. नाव : महेश तिनईकर. काम : गिटार वाजवणं. रुजू : १९८४, मुंबई. कंपनी : रॉक मशीन.

तेव्हा मुंबईत रॉक म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. स्टेजवर कुणीही असो, पब्लिकला परदेशी बँडचीच गाणी हवी असायची. अशा गर्दीसमोर स्वतःचं गाणं वाजवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत भाकरी वाढणं! रॉक मशीनने ती वाढली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड', १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. १९९३ मध्ये बँडने नाव बदललं, इंडस क्रीड. १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. 'प्रीटी चाइल्ड'चा व्हिडिओ एमटीव्हीवर गाजला.

आणि १९९७ मध्ये दुकान बंद. अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'नंतर हिंदी पॉपचा सीझन आला होता. इंग्रजी रॉकवर पैसे लावणार कोण? गायक उदय बेनेगल आणि दुसरा गिटारिस्ट जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा बँड काढला.

'रॉक ऑन!!' आठवतो ना? फुटलेला बँड, सुटाबुटातले जुने दोस्त, पुन्हा एक कॉन्सर्ट. तो सिनेमा आला २००८ मध्ये. २०१० मध्ये इंडस क्रीडने तेच खरोखर केलं! तिनईकर, बेनेगल आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया परतले. बासवर मार्क सेल्विनच्या जागी रुशाद मिस्त्री आला, ड्रम्सवर मार्क मेनेझिसच्या जागी जय रो कवी. बास म्हणजे बँडचं अकाउंट्स डिपार्टमेंट : आहे तोवर कुणाचं लक्ष नसतं, नसला की सगळं कोसळतं. त्या खुर्चीवर नवा माणूस घेणं म्हणजे ताल नव्याने जुळवणं. ते जमलं आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. आधीच्या अल्बमनंतर तब्बल १७ वर्षांनी.

दुसरा रेझ्युमे रँडॉल्फ कोरियाचा. १९९४ मध्ये सुरू झालेल्या पेंटाग्रामचा हा गिटारिस्ट. बासवर पापल माने, माइकवर विशाल दादलानी. २००५ मध्ये ही मंडळी इंग्लंडच्या ग्लास्टनबरी फेस्टिव्हलमध्ये वाजवून आली. पुढे रँडॉल्फने मोनिका डोगराबरोबर 'शायर अँड फंक' काढलं. त्यांचा पहिला अल्बम २००७ चा. गंमत म्हणजे पेंटाग्रामचा 'इट्स ओके, इट्स ऑल गुड'ही त्याच वर्षीचा. त्याने राजीनामा दिलाच नाही! दादलानीचंही तेच. शेखर रावजियानीबरोबर हिंदी सिनेमाला संगीत देता देता त्याने बँडही चालू ठेवला.

म्हणजे बघा, एक जण एकाच बँडकडे परत आला, दुसऱ्याने एका वेळी दोन सांभाळले. आपण नोकरी बदलतो तेव्हा जुन्या डेस्कवरचा मग उचलतो आणि निघतो. यांनी जुनी माणसं सोडली नाहीत. यातून फार पैसा मिळाला असेल असं समजू नका. इंग्रजीत गाणाऱ्या बँडवर घर चालवणं आपल्याकडे कायमच अवघड राहिलंय. म्हणूनच १३ वर्षांनी पुन्हा प्लग जोडायला जिगर लागते.

तुमचाही कॉलेजचा बँड असेलच. ड्रमर पुण्यात, बासवाला बंगलोरला, गिटार माळ्यावर. या शनिवारी नाशिकहून पेठच्या रस्त्याला गाडी काढा. सावळघाट लागला की 'इव्हॉल्व्ह' लावा. पेठला चहा घेताना त्या बासवाल्याला एक फोन करा. बॉसला नंतर करता येईल.