कर्जाचा आलेख: खांब की रेघ?

मार्चमध्ये दोन्ही राज्यांची बजेटं झाली की बेळगाव-निपाणीच्या ग्रुपवर दोन्हीकडच्या कर्जाचे आलेख येतात आणि कोण जास्त बुडालंय यावर वाद रंगतो.

2025-26 च्या बजेटांतले अंदाज घ्या. वर्षअखेर महाराष्ट्राचं कर्ज सुमारे 9.32 लाख कोटी, कर्नाटकाची एकूण देणी सुमारे 7.65 लाख कोटी. उभ्या खांबांत महाराष्ट्र उंच. पण राज्याच्या सकल उत्पन्नाशी तुलना केली की महाराष्ट्र 19 टक्क्यांच्या आत आणि कर्नाटक जवळपास 25! कर्नाटकाच्या वित्तीय जबाबदारी कायद्याची मर्यादाही 25 टक्केच. तेवढी एक आडवी रेघ आलेखात ओढा, सगळं चित्र बदलतं.

देशाचं कर्ज वर्षानुवर्षं दाखवायचं तर रुपयांतले खांब फारसे कामाचे नाहीत. महागाई वाढते, अर्थव्यवस्था वाढते, त्यामुळे सरकार कुणाचंही असो, जिना चढताच दिसतो. जीडीपीच्या टक्केवारीची रेघ काढा. मग 2020-21 चा कोविडचा उंचवटा दिसतो, नंतरचा उतारही. केंद्राचा 2025-26 चा अंदाज 56.1 टक्के होता. मार्च 2031 पर्यंत 50 च्या आसपास यायचं उद्दिष्ट आहे.

फक्त डावीकडचा अक्ष बघून घ्या. तो 55 पासून सुरू केला, तर एका टक्क्याची घटसुद्धा आंबोली घाटासारखी दिसते. पाय चार्ट तर एकाच तारखेचा असतो. कर्ज कुणाकडून घेतलं एवढंच त्यात कळेल.