कडू ते कडूच? रेड एलला विचारा!

बीअर म्हटलं की आपल्याकडे वेटरला दोनच प्रश्न विचारले जातात. चिल्ड आहे का? आणि स्ट्राँग की माइल्ड? चवीबद्दल विचारणारा माणूस टेबलावर जरा आगाऊच ठरतो. या आठवड्यात आपण तो आगाऊपणा करणार आहोत. कारण आजची पाहुणी बर्फासारखी थंड करून प्यायलात, तर तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. तिचं नाव रेड एल. त्यातही अमेरिकन, म्हणजे हॉप्सचा हात सढळ असलेली.

'कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच' ही म्हण घरोघरी ऐकवली जाते. गंमत म्हणजे त्याच घरांत चिंच-गूळ घातलेल्या कारल्याच्या भाजीचे डाय हार्ड फॅनही असतात. कारल्याचा कडूपणा गेलेला नसतोच, त्याला गुळाची सोबत मिळालेली असते. रेड एलचा सगळा फंडा हाच आहे, बॉस!

इथला गूळ म्हणजे माल्ट. नाचणीचं सत्त्व करताना आई नाचणी भिजवते, मोड आणते आणि वाळवते, आठवतंय? बार्लीला हेच केलं की माल्ट तयार होतं. रेड एलसाठी त्यातलं काही माल्ट ओलसर असतानाच तापवतात. दाण्याच्या आतच साखर तयार होते आणि मग तिचं कॅरॅमल होतं. याला क्रिस्टल माल्ट म्हणतात. टॉफी, खरपूस टोस्ट, थोडी मनुका अशी चव त्यातून येते आणि तो तांबूस लाल रंगही. रंगासाठी काही ब्रुअर चिमूटभर काळपट भाजलेली बार्ली घालतात. आयर्लंडच्या रेड एलमध्ये ही बार्ली असते, पण तिथे हॉप्सचा आवाज हळू असतो. तो व्हॉल्यूम वाढवला अमेरिकेनं.

हॉप्स ही एका वेलीची फुलं. सुरुवातीपासून उकळली की कडूपणा देतात, शेवटी टाकली की सुगंध. काही ब्रुअर तर बीअर तयार होत आल्यावर ती नुसतीच भिजत घालतात. १९७२मध्ये अमेरिकेत कॅस्केड नावाचं हॉप्सचं वाण आलं आणि बीअरला पपनसाच्या सालीसारखा झणका मिळाला. त्याच्या जोडीला चिनूकसारखी वाणं पाइनच्या डिंकाचा वास घेऊन आली.

कडूपणा मोजायचं एकक आहे आयबीयू. बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या परीक्षकांच्या संस्थेच्या हिशेबानं साध्या अमेरिकन लागरचा आयबीयू ८ ते १८. अमेरिकन अँबर किंवा रेड एलचा २५ ते ४०. तिची दांडगट बहीण रेड आयपीए थेट ४० ते ७०! आकडा पाहून घाबरू नका. तेवढा कडूपणा पेलायला खाली माल्टचा भरभक्कम पाया असतो. पहिला घोट गोडसर, मग पपनस, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे रेंगाळणारा कडूपणा. तो पुढचा घोट मागतो.

या चवीचं माहेर म्हणजे उत्तर कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे १०१नं उत्तरेला निघालात की आधी हील्ड्सबर्ग लागतं. तिथे पूर्वी असलेल्या बेअर रिपब्लिकची 'रेड रॉकेट' ही या घराण्यातली गाजलेली बीअर, ६.८ टक्के अल्कोहोलची. आणखी पुढे हॉपलंड. कधी काळी इथे हॉप्सची शेती होती, म्हणून गावाचं हे नाव. इथेच १९८३मध्ये मेंडोसिनो ब्रुइंगनं कॅलिफोर्नियातल्या अगदी सुरुवातीच्या ब्रूपबपैकी एक उघडला. त्यांची 'रेड टेल' रंगानं अँबर आणि स्वभावानं सौम्य होती. १९९७मध्ये या कंपनीची सूत्रं आली चक्क विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपकडे. २०१८च्या सुरुवातीला तिचा कारखाना बंद पडला.

दरम्यान क्राफ्ट बीअरच्या जगात कडूपणाची रेस लागली. 'माझी तुझ्यापेक्षा कडू' असं म्हणत माल्ट कमी, हॉप्स जास्त. मग ढगाळ, ज्यूससारख्या आयपीएची फॅशन आली. मला दोन्ही आवडतात, पण दुसऱ्या ग्लासापर्यंत जीभ थकते. रेड एल थकवत नाही, कारण तिच्यात कोणी एकटाच बोलत नाही. बॅलन्स ही गोष्ट फोटोत दिसत नाही, हाच तिचा प्रॉब्लेम. आणि जे कोणी मागवत नाही, ते टॅपवरून गुपचूप उतरवलं जातं. म्हणून ही सगळी वकिली!

आपल्याकडे महाराष्ट्रात पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, पुण्यात सुरू झाली २००९मध्ये. त्यामुळे ताजी बीअर म्हणजे काय, हे आता आपल्यालाही ठाऊक आहे. तर पुढच्या वेळी बोर्डावर रेड एल दिसली की एवढं लक्षात ठेवा:

• ताजेपणा आधी विचारा. हॉप्सचा सुगंध काही महिन्यांतच उडतो, मागे उरतं नुसतं कॅरॅमल. परदेशी बाटली असेल, तर भरल्याची तारीख बघा. जुन्या बाटलीवरून या बीअरबद्दल मत बनवू नका.

• फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. ८ ते १२ डिग्रीला ती खुलते.

• बाटलीनं पिऊ नका. ग्लासात ओता, फेस येऊ द्या, आधी वास घ्या.

• सोबत भाजलेलं काहीतरी हवं. अमेरिकेत बर्गर आणि बार्बेक्यू, आपल्याकडे तंदुरी चिकन किंवा पनीर टिक्का. झणझणीत रस्सा मात्र टाळा. हॉप्स तिखटाची आग आणखी भडकवतात.

• ६-७ टक्के म्हणजे लिंबू सरबत नव्हे. गाडीची चावी घरी, येताना रिक्षा.

आणि हो, वेटरनं 'स्ट्राँग की माइल्ड?' विचारलं, तर सांगा, 'कडू-गोड!' गोंधळेल बिचारा, पण ब्रुअरच्या कानावर गेलं तर तो खूश होईल.